धुण्याची वही

सेक्रेटरींनी लेखी मागितलंय.
शुक्रवारी सहाच्या आत, फोर्टच्या ऑफिसात, दोन प्रतींत:
गुरुवारी एकदम पाच बदल का केले,
आणि रविवारी त्रेसष्ठाव्या मिनिटापर्यंत एकही का नाही.

मी नेल्सन डाबरे, मुख्य प्रशिक्षक,
माझगावच्या खोलीत टेबलापाशी बसून
पहिलं वाक्य लिहितो:
खेळाडूंच्या आलटापालटीत चूक झाली.

वाचून बघतो. व्याकरणात बसतं.
झाली, म्हणजे जसा उशीर होतो, संध्याकाळ होते,
जशी कुणालाही सर्दी होते.
मी कुठेच नाही त्यात.
कूपरेजच्या रेषेबाहेर हाताची घडी घालून
नव्वद मिनिटं उभा होता तो माणूस
वाक्यातून अलगद बाहेर काढलेला,
बदली खेळाडू न देता.

कारणं आहेत.
नऊ दिवसांत चार सामने,
लिस्टनची बारावीची तोंडी परीक्षा, गोलकीपरला कावीळ.
तक्त्यावरचे चुंबक रात्री दोनपर्यंत सरकवत होतो,
बायको म्हणाली, झोप आता, ती पोरं तरी झोपली असतील.
गुरुवारी पाच ताजे उतरवले,
एकमेकांना हाक मारायलाही चाचरत होते.
तीन गोल खाल्ले.
म्हणून रविवारी मी घाबरलो.
हे ‘घाबरलो’ कुठल्या मुद्द्याखाली घालायचं?

काल किटवाले म्हसकर आले पिशव्या मोजायला.
त्यांची वही चाळली, लॉन्ड्रीच्या हिशोबाची.
सहा नंबर: धुतली, धुतली, धुतली,
दहा वेळा एकाखाली एक,
अकराव्या ओळीत जागा रिकामी.
चौदा नंबर: कोरी. कोरी. कोरी.
रविवारी एकदाची ‘मळकी’, खाली दुहेरी रेघ.
म्हणाले, “ह्या पोराची जर्सी
मी नुसती घडी मोडून परत घालत होतो,
कुबट वास लागू नये म्हणून.”
हर्षल पागधरे. वर्सोव्याहून पहाटे निघतो,
सगळ्यांच्या आधी पळतो, सगळ्यांनंतर कोन उचलतो.

माझ्या लॅपटॉपात किलोमीटर आहेत, नाडीचे ठोके आहेत.
म्हसकरांकडे घाम होता, बॉलपेननं लिहिलेला.

आणि सहा नंबर.
तबरेज मुकादम.
मध्यंतराला त्यानं मांडीमागं हात नेला,
“सर, मागून ओढतंय जरा.”
दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. फिजिओ बर्फ आणायला गेला होता.
मी म्हणालो, “वीस मिनिटं काढ.”
काढ, जसं कुणाला दिवस काढ म्हणतात.
त्यानं सतरा काढली.
अठराव्या मिनिटाला, बॉल पार पलीकडे असताना,
कुणी न पाडता तो खाली बसला
आणि बाकावर हर्षलनं बुटाची लेस आवळली,
माझ्याकडे न बघता.

पाच महिने, डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरींच्या पत्रात हा प्रश्नच नाही.
न विचारलेल्याचं उत्तर द्यायची
पद्धत नाही आमच्या क्लबात.

कागद फाडतो. नवा घेतो.
चूक केली. मी.
दुखतंय म्हणाला, ऐकलं, तरी खेळवला.
चौदा नंबर तयार होता.
खाली सही.
दुसरी प्रतही हातानंच लिहितो,
दुसऱ्यांदा ते हलकं होतं का बघायला.
होत नाही.

सहा नंबर माझ्याकडेच राहिलीय,
त्या रात्री टॅक्सीत त्यानं काढून दिलेली.
न्हाणीत बादलीत भिजवली.
टर्फचे काळे रबरी कण वर तरंगले,
मग जाळीपाशी जाऊन अडकले,
पायानं सरकवले तरी जाईनात.

म्हसकरांना फोन केला. अकरावी ओळ भरा.
“धुतली लिहू?”
लिहा. आणि कुणी धुतली, तेही.
पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.
“तसा रकाना नाहीये सर वहीत.”